जुना एसी बदलावा का? मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत मी एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. होळी झाली की फोन सुरू होतात, आणि गेल्या काही वर्षांत निम्म्या फोनवर एकच विषय असतो: बिल फार येतंय, एसी बदलू का? शिडीवर उभं राहून याचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून लोक जे विचारतात आणि मी जे सांगतो, ते इथे सवडीने लिहून काढलंय. आकडे घरगुती दीड टनाच्या एसीचे आहेत.

नवीन एसी घेतला की बिल निम्मं होतं म्हणतात. खरं आहे का?

एसीची वीज निम्म्याजवळ येऊ शकते. बिल निम्मं होत नाही, कारण बिलात फ्रिज आहे, पंखे आहेत, बोअरची मोटार आहे, स्थिर आकार आहे. एसी बदलला म्हणून त्यातलं काही हलत नाही.

२०१०-१२ च्या सुमाराला घेतलेला साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना पावणेदोन ते दोन किलोवॅट ओढतो. खोली गार झाली की बंद पडतो, परत तापली की पूर्ण ताकदीने उठतो. आजचा इन्व्हर्टर एसी तसं करत नाही. खोली गार झाली की कॉम्प्रेसरचा वेग उतरवतो आणि चार-पाचशे वॅटवर मंद चालत राहतो. रात्रभराची सरासरी काढली तर जुन्याला तासाला सव्वा ते दीड युनिट आणि नव्याला पाऊण युनिटाच्या आसपास लागतं. म्हणजे तासाला अर्धा-पाऊण युनिट वाचलं. हा अर्धा युनिट तुमच्या घरी वर्षात किती तास वाचणार, सगळा प्रश्न तिथे येऊन थांबतो.

माझा एसी किती वीज खातो हे मला घरबसल्या कळेल का?

कळेल, आणि ते कळल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

पहिली पद्धत बिलाची. फेब्रुवारीचं आणि मेचं बिल शेजारी ठेवा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे जुनी बिलं हरवली असली तरी चालतं. मेच्या युनिटमधून फेब्रुवारीचे वजा करा. उरतील त्यातले साठ-सत्तर पंखे, कूलर आणि जास्त चालणाऱ्या फ्रिजचे म्हणून सोडून द्या. बाकीचा खर्च एसीचा.

दुसरी पद्धत मीटरची. रात्री झोपताना घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा तासाभरासाठी. एसी नेहमीच्या तापमानावर लावा. पहिला अर्धा तास सोडून द्या, कारण तेव्हा तो तापलेली खोली गार करत असतो. मग मीटरचं रीडिंग दशांशासकट कागदावर लिहा आणि बरोबर एक तासाने परत लिहा. फरक म्हणजे तुमच्या एसीचा तासाचा खर्च. हे एप्रिल-मेमध्येच करा. जानेवारीत एसी लावून मोजण्यात अर्थ नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांची फेब्रुवारीची १३० आणि मेची ४६० युनिट होती. फरक ३३०. त्यातले ७० इतर गोष्टींचे सोडले तर एसीचे २६०. रोज रात्री सात तास एसी, म्हणजे तासाला सव्वा युनिट. कागद हातात घेऊन ते म्हणाले, "अरे, मला वाटलं हा सगळं बिल एकटाच खातोय." मी म्हटलं, "गुरुजी, निम्म्याहून जास्त खातोय, पण एकटा नाही."

मग पैसे किती वर्षांत वसूल होतात?

गुरुजींचंच गणित पुढे नेऊ. नवा एसी घेतला तर महिन्याला साधारण १२० युनिट वाचतील. त्यांच्याकडे एसी मार्चअखेर ते जून मध्यापर्यंत चालतो. मधले दोन-चार दिवस गावाला जाणं, वळवाचा पाऊस धरला तर हिशेबाला तीन महिने. म्हणजे वर्षाला ३६० युनिट. शेवटच्या युनिटचा दर सगळे आकार धरून १४ रुपये मानला, तर वर्षाला पाच हजार रुपये. एसी, स्टँड, जादा तांब्याची नळी, स्टॅबिलायझर मिळून खर्च ४२ हजारांपर्यंत, आणि जुन्याचे चार हजार आले. उरले ३८ हजार. साडेसात वर्षं.

मी त्यांना बदलू नका म्हणून सांगितलं. एसी धड चालू होता, आवाज नव्हता, गळती नव्हती. त्यांनी ते पैसे गच्चीवर आणि एका चांगल्या सर्व्हिसिंगवर थोडे खर्च केले, बाकी ठेवले.

आता दुसरं घर. आजीला अर्धांगवायू झालेला, त्यामुळे तिच्या खोलीत दुपार आणि रात्र मिळून चौदा तास एसी, चार महिने. वर्षाचे झाले १,६८० तास. वाचणारी वीज हजार युनिटाच्या पुढे, रुपये चौदा हजार. तिथे पावणेतीन वर्षांत पैसे निघतात. त्या घराला मी म्हटलं, पाडव्याची वाट बघू नका, आजच घ्या.

दोन्ही घरांत एसी एकाच वयाचा होता. फरक पडला तो तासांचा.

युनिटचा दर कोणता धरायचा? सरासरी की वरचा?

वरचा, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यातल्या युनिटला त्या त्या टप्प्याचा दर लागतो. एसीची वीज तुमच्या बाकीच्या वापरावर चढून बसते. म्हणून ती वाचली की सगळ्यात महाग टप्प्यातली युनिटं आधी कमी होतात. त्या दरात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन असेल तर तेही मिळवा, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. बिलाची रक्कम भागिले युनिट असा हिशेब केला तर बचत खऱ्यापेक्षा कमी दिसते. १४ रुपये मी उदाहरणाला धरलेत. दर बदलत राहतात, तुम्ही तुमच्या ताज्या बिलातला घ्या.

स्टारचा स्टिकर कसा वाचायचा?

तारे मोजून पुढे जाऊ नका. स्टिकरवर आयएसईईआर नावाचा आकडा असतो. एक युनिट विजेत हंगामभर सरासरी किती युनिट उष्णता बाहेर फेकली, ते तो सांगतो. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. जुलै २०२२ पासूनच्या निकषांत पाच तारे मिळवायला हा आकडा किमान ५ लागायचा, तीन ताऱ्यांना ३.८. जानेवारी २०२६ पासून निकष पुन्हा कडक झाले. त्यामुळे कालचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नाहीत. गोदामातला जुना माल आणि नवा माल शेजारी ठेवलेला असेल तर आयएसईईआरच ताडून बघा, आणि लेबल कोणत्या काळाचं आहे तेही वाचा.

स्टिकरवर वर्षाला अमुक युनिट असंही छापलेलं असतं. ते वर्षाला १,६०० तास धरून काढलेलं आहे. मराठवाड्यातल्या सर्वसाधारण घरात रात्रीचा सात-आठ तास, तीन महिने एसी चालतो, म्हणजे सहाशे-सातशे तास. दुकानदार दोन स्टिकरांमधला फरक दाखवून "वर्षाला एवढी बचत" म्हणाला, तर आपल्या घरी त्याच्या निम्म्याहून कमी धरा.

अजून एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. परभणी, नांदेड, जालन्याला मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, आणि उन्हातल्या गच्चीवर आउटडोअरभोवतीची, म्हणजे एसीच्या बाहेर बसवलेल्या भागाभोवतीची, हवा त्याहून तापलेली. तेव्हा दीड टनाचा एसी दीड टन काम करत नाही, आणि वीजही जास्त घेतो. "५२ अंशांत चालतो" असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तो तेव्हा बंद पडत नाही एवढाच. दुकानात विचारायचं ते असं: "४३ अंशांना किती क्षमता देतो?" माहितीपत्रकात हा आकडा देणाऱ्या कंपन्या आहेत.

थ्री स्टार घेऊ का फाइव्ह स्टार?

वर्षाला सातशे तासांच्या आत वापर असेल तर थ्री स्टार इन्व्हर्टर पुरतो. हजारच्या पुढे गेलात तर फाइव्ह. मधल्यांनी किमतीतला फरक बघून ठरवावं.

एसी न बदलता बिल कमी करता येईल का?

माझ्या मते आधी हेच करावं.

सुरुवात आउटडोअरपासून. मागच्या मेमध्ये एका घरी गेलो, तक्रार एसी गार करत नाही अशी. आउटडोअर गच्चीवर, पाण्याची टाकी आणि कठडा यांच्या मधल्या बोळीत. समोरच्या मोकळ्या जागेत सोयाबीनची मळणी व्हायची, आणि त्याचा भुसा, धूळ, कबुतराची पिसं अशी जाड गोधडी कॉइलवर बसलेली. नखाने ओढली तर पापुद्रा निघाला. वायरीतून एसी किती करंट ओढतो ते दाखवणारा क्लॅम्प मीटर लावला: १०.१ अँपिअर. पाण्याचा पाइप आतल्या बाजूने बाहेर असा धरून वीस मिनिटं कॉइल धुतली, पत्र्याची पाती वाकली होती ती फणीने सरळ केली. परत मीटर लावला: ८.३. खोलीही तासाभरात गार. खर्च सर्व्हिसिंगचा, बाकी काही नाही. पुढे त्यांनी आउटडोअर बोळीतून काढून उत्तरेच्या भिंतीला लावला, कारण बोळीत तो स्वतःचीच गरम हवा परत ओढत होता.

आतली जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ बघता महिना फार होतो.

मग छत. आपल्या घरांची खरी अडचण स्लॅब आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, आणि एसी माणसांऐवजी स्लॅबच गार करत बसतो. माझं लहानपण माळवदाच्या घरात गेलं. लाकडी कडीपाट, वर हात-दीड हात पांढरी माती. मे महिन्यात दुपारी खाली सतरंजी टाकून झोपायचो, डोक्यावर पंखासुद्धा नसायचा. संभाजीनगरच्या पाणचक्कीला गेलात तर हौदाखालच्या दालनात उतरून बघा. छतावरच्या पाण्यामुळे भर उन्हात आत गारवा असतो. छत सांभाळलं की घर सांभाळतं, हे आपल्याकडच्या बांधणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

आता माती चढवता येणार नाही. पण मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दोन हात मारता येतो. शेतातलं शेडनेट पडून असेल तर झोपायच्या खोलीवर चार-पाच फूट उंच बांधता येतं. कडबा गच्चीवर पसरू नका, ठिणगीचा धोका आहे. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायलाही मी सांगत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही.

तिसरं, रिमोट. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त थांबत नाही. २६ वर ठेवा, वर पंखा हळू फिरू द्या. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वरच सुरू व्हावेत असा नियम त्यासाठीच आला.

दाराखालची फट, खिडकीच्या सरकत्या काचांमधली जागा, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. करा एवढंच सांगतो.

दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

नाही. एसीतला गॅस खर्च होत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. साबणाचा फेस लावून गळती शोधायची, बंद करायची, मगच भरायचा. दर मार्चला कोणी नुसता गॅस भरून पैसे नेत असेल तर त्याला गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा.

कोणता बिघाड झाला की बदलायचाच?

दहा वर्षांवरच्या एसीचा कॉम्प्रेसर गेला किंवा आतली कॉइल जागोजागी गळायला लागली, की त्यात पैसे घालू नका. या जुन्या एसींत बहुतेक आर-२२ गॅस असतो. तो ओझोनच्या थराला घातक म्हणून टप्प्याटप्प्याने बंद होतोय. नवे एसी आर-३२ किंवा आर-२९० वर येतात, आणि जुन्या आर-२२ च्या एसीत हे गॅस भरता येत नाहीत. दोन्ही पेट घेऊ शकतात, जुना एसी त्यासाठी बनवलेला नाही. कोणी भरून देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा.

कपॅसिटर, पंख्याची मोटार, रिमोटचा सेन्सर हे किरकोळ. दुरुस्ती करून घ्या.

कूलर असताना एसी कशाला?

एप्रिल आणि मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की चांगला कूलर दीडशे-दोनशे वॅटमध्ये खोली सुखाची करतो. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी तो जरूर वापरावा. पण मोठा कूलर भर दुपारी तासाला पाच-सात लिटर पाणी सहज पितो, आणि बोअरच्या क्षारांनी जाळ्यांवर पांढरी खपली धरते. मृग जवळ आला, हवेत दमटपणा वाढला की कूलर नुसता चिकचिक वाढवतो. मी स्वतः घरी दिवसा कूलर आणि रात्री एसी वापरतो, आणि जूनमध्ये फक्त एसी.

एकाच खोलीत दोन्ही एकदम लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसीला तेच पाणी वीज खर्चून काढावं लागतं.

किती टनाचा घ्यावा?

दहा बाय बारापर्यंत एक टन, त्यापुढे दहा बाय सोळापर्यंत दीड. वर थेट गच्ची असेल आणि पश्चिमेची भिंत उघडी असेल तर एक पायरी वर जा. छत पत्र्याचं असेल तर आधी खाली चांगलं सीलिंग करून घ्या, नाहीतर दोन टनही पुरणार नाही.

इन्व्हर्टर एसी घरातल्या इन्व्हर्टर-बॅटरीवर चालतो ना?

हा गैरसमज मला दर उन्हाळ्यात दहा वेळा भेटतो. नावातला इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारं सर्किट. पंखे आणि दिव्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरवर एसी लावलात तर तो तिथेच बंद पडेल.

त्या सर्किटची म्हणजे पीसीबीची काळजी मात्र घ्या, ती महाग असते. ज्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि लाइट येता-जाता झटका बसतो, तिथे स्टॅबिलायझर लावाच. आउटडोअरच्या वायरची भोकं जाळीने बुजवा. पाल आत शिरून पीसीबीवर चिकटलेली मी कितीदा काढली आहे.

बसवून घेताना काय बघायचं?

माझ्या मेहुण्यांकडे ऐन मेमध्ये एका दुकानातून आलेल्या पोरांनी पाऊण तासात एसी बसवला आणि पुढच्या घरी पळाले. नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढलीच नाही, थोडा गॅस सोडून हवा उडवून लावली. पहिल्या उन्हाळ्यात चालला. दुसऱ्या वर्षी गारवा कमी, बिल जास्त. मी उघडला, सगळा गॅस काढला, पंप लावला, तोलून नवा भरला, तेव्हा जागेवर आला.

म्हणून समोर उभं राहा. व्हॅक्यूम पंप आणलाय का, तो किमान पंधरा-वीस मिनिटं चालवला का, हे बघा. नळी शक्य तितकी आखूड. एसीला बोर्डापासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सोळा अँपिअरचं सॉकेट, स्वतःचा एमसीबी. आणि अर्थिंग तपासा: आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि सुकली की अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला, भांडी धुतलेलं चालेल.

कधी घ्यावा?

दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत. तेव्हा बसवणाऱ्याला वेळ असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिल घेताना तेवढं तपासा.

त्यापेक्षा सोलर घेतलं तर?

वर्षभर तीनशेच्या आसपास किंवा जास्त युनिट असतील आणि गच्ची स्वतःची असेल तर आधी सोलरचा विचार करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरिंगने रात्रीच्या एसीत वळती होते. शिवाय पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, तो फायदा कोणी सांगत नाही. ते खालच्या खोलीत हाताला जाणवतं.

जुना एसी भंगारवाल्याला देऊ का?

तसाच देऊ नका. तो अंगणात नळी कापतो, फुस्स करून गॅस हवेत जातो, मग तांबं तोलून घेतो. आर-२२ चा एक किलो हवेत सोडणं म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. घरात लहान मुलं असतील तर उघड्या कपॅसिटरचा झटकाही बसू शकतो.

एसी चालू स्थितीत असेल तर काढणाऱ्याला गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायला सांगा. एसी चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह अ‍ॅलन चावीने बंद करायचा, गेजचा काटा शून्याकडे आला की जाड नळीचाही बंद करायचा आणि लगेच स्विच पाडायचा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. मग नळ्या सोडल्या तरी गॅस आतच राहतो. अदलाबदलीत देत असाल तर दुकानदाराला विचारा की माल नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रियेकडे जातो का. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत ही जबाबदारी उत्पादकांवर आहे. बंद पडलेला असेल तर गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारा मेकॅनिक शोधा. आमच्याकडे त्यासाठी वेगळं मशीन आणि वेगळं सिलिंडर असतं, आणि तो गॅस गाळून दुसऱ्या कोणाच्या तरी जुन्या एसीच्या कामी येतो.